टॅरँटुला पाळताना आधी डबा, मग कोळी : ग्वाल्हेरच्या हवेत नवशिक्यांसाठी

टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, नव्यानं पाळणाऱ्यांचा फोन बहुतेक रात्रीच येतो. "दादा, कोळी पाठीवर पडलाय. मेला वाटतं." मी म्हणतो, हात लावू नकोस. पलीकडे जरा शांतता, आणि मग हळूच : "मी सरळ केला त्याला."

तो कोळी मेलेला नसतो, कात टाकत असतो. जुन्या कातीतून निम्मे सुटलेले मऊ पाय सरळ करताना मुडपतात, कधी तुटतात, आणि मग दोन दिवसांनी तो खरंच मरतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर, मोरार, थाटीपूर, कुठल्याही भागातून फोन आला तरी चुका त्याच असतात. रविवारी कोळी घरी येतो आणि त्याच्या डब्याची शोधाशोध मंगळवारी सुरू होते. थंड देशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ पाहून डब्याखाली गरम मॅट लागते. आणि मग रोज पाणी फवारणं, रोज झाकण उघडून बघणं, रोज खायला देणं. टॅरँटुला उपासानं क्वचितच मरतो. मालकाच्या उत्साहानं मात्र मरतो.

खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. कोळी सहाव्या टप्प्यात आहे, आणि ते मुद्दाम आहे.

टप्पा १ : घरचे आणि कागद

मादी टॅरँटुला वीस वर्षं जगू शकते, काही जातींच्या माद्या त्याहूनही जास्त. म्हणजे आज अकरावीत असलेल्या मुलानं कोळी आणला, तर तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेल्यावर कोळ्याला पाणी कोण घालणार, हे आजच ठरवायला हवं. आमच्या आजीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "घरातले कोळी झाडूनं काढायचे आणि बाहेरचे पैसे देऊन आणायचे, हे कोणतं शास्त्र?" उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. पण घरातल्या प्रत्येकाला डबा कुठे आहे आणि त्या खोलीत काय फवारायचं नाही, हे माहीत असलंच पाहिजे.

आता कागद. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी तिनं वेगळी चौथी अनुसूची आणली. मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे ब्रॅकीपेल्मा कोळी त्या कराराच्या यादीत आहेत. असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २८ फेब्रुवारी २०२४ला नियम निघाले. त्यांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवावं लागतं. तुमच्या मनात असलेली जात त्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी पोर्टलवर पाहा किंवा वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

> सावध : रानातून, शेताच्या बांधावरून किंवा झाडाच्या ढोलीतून कोळी पकडून आणू नका. भारतात स्वतःचे टॅरँटुला आहेत. आंध्रातला निळा पोएसिलोथेरिया मेटॅलिका तर अतिधोक्यात असलेल्या जातींत मोडतो. "जंगलातला आहे, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून घेतलेला कोळी घरात कायद्याची भानगड आणतो, आणि बहुतेकदा तो आजारीही असतो.

टप्पा २ : खोली

ज्या खोलीत डबा राहणार तिथे कीटकनाशक नको. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडतो, कारण आपण ज्याला कीटकनाशक म्हणतच नाही अशा गोष्टी घरभर असतात. डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध. माश्या-डासांना मारणारं औषध कोळ्यालाही मारतं, फक्त जरा सावकाश. पाय थरथरतात, कोळी अडखळत चालतो, पाठीवर लोळतो आणि काही दिवसांत संपतो. यावर घरगुती उपाय नाही.

त्या खोलीत मच्छरदाणी लावा. महापालिकेची धूर सोडणारी गाडी गल्लीत शिरली की खिडक्या बंद करा, आणि धूर बसल्यावर उघडा. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्यांसाठी तेल किंवा औषध टाकत असाल तर त्या कूलरचा वारा डब्यावर येता कामा नये. कुत्र्याला औषध लावलेल्या हातानं डबा उघडायचा नाही, साबणानं धुवूनसुद्धा त्या दिवशी नाहीच.

खोली शक्यतो तळमजल्यावरची, उत्तरेकडची घ्या. लष्करातल्या जुन्या दगडी वाड्यांतली मधली खोली यासाठी फार चांगली. गच्चीखालची खोली मात्र मे महिन्यात भट्टी होते. डब्यावर दिवसाच्या कोणत्याही वेळी थेट ऊन पडत नाही ना, हे एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहून घ्या. बंद डब्यावर अर्धा तास ऊन पडलं तरी आतला जीव शिजतो.

टप्पा ३ : डबा

टॅरँटुला जमिनीवरचे, बिळात राहणारे आणि झाडावरचे असे असतात. नवशिक्यानं जमिनीवरचाच घ्यावा, म्हणून इथे त्याच्याच डब्याबद्दल लिहितो.

मापाचं एकक पायांचा पसारा : पुढच्या डाव्या पायाच्या टोकापासून मागच्या उजव्या पायाच्या टोकापर्यंत. डब्याची लांबी या पसाऱ्याच्या तीन-चार पट असू द्या. १२ सेंटिमीटरच्या कोळ्याला साधारण ४० बाय २५ सेंटिमीटर जागा भरपूर होते. मोठा डबा दिला म्हणजे कोळी खूश, असं काही नाही. फार मोठ्या डब्यात पिल्लाला भक्ष्य सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू सापडत नाही.

उंचीत लोक हटकून चुकतात. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. जमिनीवरचे टॅरँटुला रात्री काचेवर चढतात आणि पडतात. त्यांचं पोट पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं असतं, पंधरा-वीस सेंटिमीटरवरून दगडावर पडलं तरी फुटू शकतं. माशांची उभी टाकी दिसायला छान, पण तिच्यात माती अर्ध्याहून वर भरणार नसाल तर ती या कामाची नाही.

बोटाच्या पेराएवढ्या पिल्लाला, ज्याला या छंदात स्लिंग म्हणतात, मेडिकलच्या दुकानात मिळणारा लघवी तपासणीचा कोरा डबा पुरतो. हसू नका. पारदर्शक असतो, झाकण फिरकीचं असतं आणि पाच-दहा रुपयांत येतो. मध्यम कोळ्याला स्वयंपाकघरातला चौकोनी पारदर्शक, कड्या असलेला डबा चालतो. मोठ्याला ॲक्रिलिकची पेटी करून घ्या. लोहिया बाजारात बिजागरी, कडी, बारीक जाळी सगळं मिळतं.

भोकं : खिळा गॅसवर तापवून किंवा सोल्डरिंग आयर्ननं पाडा. समोरासमोरच्या दोन बाजूंवर, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार खेळते. नुसती झाकणावर भोकं पाडली तर खालची ओल तिथेच कुबट होते. भोक कोळ्याच्या पाठीच्या कवचापेक्षा लहान हवं. पोट दबतं, पण कवच दबत नाही, म्हणून मोजायचं ते कवच. पिल्लासाठी १ मिलिमीटरचं भोक पुरे. झाकणाला तारेची जाळी लावू नका, तिच्यात पायांच्या नख्या अडकतात आणि कोळी लटकून राहतो.

> तपासा : भोकं पाडल्यावर आतून बोट फिरवा. वितळलेल्या प्लॅस्टिकची धार लागत असेल तर पॉलिश पेपरनं घासा. डबा साबण न लावता नुसत्या गरम पाण्यानं धुवा आणि वास जाईपर्यंत दोन दिवस उघडा ठेवा.

टप्पा ४ : माती, लपण, पाणी

साधं कोकोपीट घ्या. नर्सरीवाला हमखास विचारतो, "खत मिसळलेलं देऊ? जास्त चांगलं." नको. विशेषतः निंबोळी पेंड मिसळलेलं अजिबात नको. झाडांची कीड मारण्यासाठीच ती घालतात, आणि कोळी त्याच गोतावळ्यातला. पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर वास घ्या. कडुलिंबाचा वास लपत नाही.

६५० ग्रॅमची वीट बादलीत घालून तीन-चार लिटर पाणी ओता. फुगली की जुन्या सुती धोतरात किंवा पंचात बांधून पिळा आणि पाणी फेका. असं दोनदा करा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. मग मूठभर घेऊन दाबा. पाणी ठिबकलं तर फार ओलं, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कोरडं, गोळा राहिला पण हात फक्त दमट झाला तर पिल्लासाठी ते बरोबर. मोठ्या जमिनीवरच्या कोळ्यासाठी मात्र ते वर्तमानपत्रावर पसरून वाळवा. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात एक दिवस पुरतो, श्रावणात आठवडा जातो.

थर देत देत हातानं दाबून भरा. मोठ्या कोळ्याला निदान १० सेंटिमीटर. सैल भरलेल्या मातीत बीळ कोसळतं.

लपण म्हणून अर्धी करवंटी किंवा फुटक्या मडक्याचा बाकदार तुकडा द्या. मडक्याच्या धारदार कडा दगडावर घासून घ्या. करवंटीतलं खोबरं पूर्ण खरवडलेलं हवं, नाहीतर चार दिवसांत बुरशी. लपण निम्मं मातीत रोवा, म्हणजे कोळी खालून खणत गेला तरी ते त्याच्यावर कोसळणार नाही. शोभेसाठी धारदार दगड, काचेचे खडे, निवडुंग काही नको.

पाण्याची वाटी नेहमी भरलेली. बाटलीचं झाकण चालतं. तिच्यात स्पंज घालायचा नाही. "कोळी बुडेल" म्हणून दुकानदार स्पंज देतात. तो बुडत नाही, आणि स्पंजात फक्त जंतू वाढतात. माझा पहिला स्लिंग ज्या डब्यात होता त्यात मी असाच स्पंज ठेवला होता. वरून ओला दिसायचा, प्यायला पाणी काही नव्हतं, आणि ते मला कळायला फार उशीर झाला. तिघरा धरणाचं नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून दुसऱ्या दिवशी घातलं तर चालतं.

पिल्लाच्या इवल्या डब्यात वाटी मावत नसेल तर मातीचा एक कोपरा ओला ठेवा, बाकी कोरडं. कोणत्या बाजूला बसायचं ते त्याला ठरवू द्या.

> तपासा : सगळं लावून झाल्यावर डबा आठ दिवस रिकामा ठेवा आणि आत एक साधा थर्मामीटर टाका. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री आकडा लिहा. २२ ते ३० अंशांच्या मध्ये असेल तर पुढे जा. काचेवर सतत दव जमत असेल तर भोकं कमी पडली आहेत.

टप्पा ५ : खाद्य आधी

कोळी येण्याआधी खाद्य घरात हवं. पक्षी आणि मासे विकणाऱ्यांकडे मिळणारे मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) सुरुवातीला सगळ्यात सोपे. चाळलेल्या कणकेच्या कोंड्यात किंवा ओट्समध्ये ठेवा, बटाट्याची किंवा गाजराची फोड टाका, फोड वाळली की बदला. वरती मलमल बांधा. डबा दमट झाला की किडतो. मोठ्या कोळ्याला रातकिडे किंवा खास पाळलेली झुरळं चालतात.

मोरीतलं झुरळ, गच्चीवरचा टोळ, दिव्याखाली पडलेले पावसाळी किडे देऊ नका. त्यांनी आधी काय खाल्लंय, कोणाच्या घरात कोणता स्प्रे मारलाय, हे तुम्हाला माहीत नसतं.

टप्पा ६ : कोणता कोळी, कधी आणि कसा

अमेरिका खंडातले टॅरँटुला बहुधा सावकाश आणि शांत. चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात. आशिया-आफ्रिकेतल्यांकडे असे केस नाहीत, म्हणून ते थेट चावतात, विजेसारखे पळतात आणि त्यांचं विष जास्त त्रासदायक असतं. पोएसिलोथेरिया चावल्यावर स्नायूंना दिवसेंदिवस पेटके येतात. टॅरँटुला चावून माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण पहिला कोळी म्हणून आशियाई किंवा आफ्रिकी घेणं म्हणजे सायकल न येता बुलेटवर बसणं. रंग कितीही सुंदर असो.

पहिल्यासाठी माझी निवड : मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा टिल्टोकॅटल अल्बोपायलोसस, किंवा दक्षिण अमेरिकेतल्या चाको प्रदेशातला सोनेरी गुडघ्यांचा ग्रॅमोस्टोला पल्क्रिपेस. ब्रॅकीपेल्मा हामोरी देखणा आहे, पण फार हळू वाढतो आणि त्याचे केस जास्त झोंबतात.

पिल्लू घ्यावं की मोठा? अगदी नखाएवढा स्लिंग स्वस्त पडतो, पण नवशिक्याच्या हातून लवकर जातो. चार-पाच सेंटिमीटरचा, हाताशी आलेला कोळी घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. "पूर्ण वाढलेला नर, निम्म्या किमतीत" ही जाहिरात दिसली की पुढे जा. शेवटची कात टाकल्यावर नर साधारण वर्ष-दीड वर्षच जगतो. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतील तर तो असाच नर.

विकणाऱ्याला हे विचारा : पैदास बंदिस्त जागेत झाली आहे का, बिल मिळेल का, नोंदणीचे कागद आहेत का, शेवटची कात कधी टाकली, शेवटचं कधी खाल्लं. शेवटच्या दोन प्रश्नांना जो लगेच उत्तर देतो तो खरा पाळणारा.

वेळ : ग्वाल्हेरला आणायचा तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. मे-जूनमध्ये गाडीच्या डिकीत, पार्सलच्या ढिगात किंवा फलाटावर ४५ अंशांत पडून राहिलेला डबा उघडताना काय दिसेल ते सांगायला नको. जानेवारीतली धुक्यानं रखडलेली रात्रीची गाडीही तितकीच वाईट. शक्यतो स्वतः जाऊन, हातात डबा घेऊन या.

टप्पा ७ : डब्यात सोडणं

संध्याकाळी करा. पंखा बंद, दार बंद, मांजर बाहेर. टेबलावर नाही, जमिनीवर बसून, मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात. कोळी निसटला तर तो टबातच राहतो, आणि पडला तर दोन बोटांच्या उंचीवरून पडतो.

हाताशी ठेवा : एक रिकामा पारदर्शक ग्लास, एक जाड पुठ्ठा, चित्रकलेचा मऊ ब्रश. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा. खाजरे केस कातडीवर गेले तर खाज सुटते, डोळ्यात गेले तर बुबुळात रुततात आणि महिनोन्‌महिने त्रास देतात.

आलेली डबी नव्या डब्यात आडवी ठेवा, झाकण काढा आणि थांबा. वीस मिनिटं, अर्धा तास. बाहेर येत नसेल तर मागच्या पायाला ब्रशचा हलका स्पर्श. फुंकर मारायची नाही. श्वासाच्या गरम वाऱ्यानं ते बिथरतात. तरीही येत नसेल तर उघडी डबी आतच राहू द्या, सकाळपर्यंत येईल.

पळालाच तर ओरडत मागे धावू नका. थांबेल तेव्हा वरून ग्लास ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा.

> सावध : हातावर घेऊन फोटो काढण्याची घाई सगळ्यांना असते. कोळ्याला माया कळत नाही, त्याला फक्त थरथरणारी गरम जमीन कळते. चावला तर तुमचा हात झटकला जाणार, आणि तो पडून फुटणार.

टप्पा ८ : पहिला महिना आणि नंतर

पहिले सात दिवस काही खायला नाही. फक्त पाणी. तो जाळं विणेल, माती उपसेल, करवंटीचं दार बंद करेल किंवा कोपऱ्यात पुतळ्यासारखा बसेल. सगळं ठीक आहे.

आठव्या दिवशी संध्याकाळी एक किडा. मोजमाप : किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. मीलवर्मचं डोकं चिमट्यानं चिरडून मगच टाका, नाहीतर तो मातीत शिरतो आणि पुढे काय करतो ते नवव्या टप्प्यात येईल. पिल्लाला मेलेल्या किड्याचा तुकडा द्या. सकाळी उरलेलं काढून टाका. खाल्लं नाही तर आठवड्यानं पुन्हा.

नंतरचा बेत : पिल्लाला आठवड्यातून दोनदा, मधल्याला आठवड्याला एकदा, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनी. वारांपेक्षा पोटाकडे बघा. पोट पाठीच्या कवचाएवढं किंवा दीडपट असेल तर बरोबर. कवचाच्या दुपटीहून मोठं झालं तर उपास करू द्या. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करायची सवय आहे, ती इथे सोडा. मोठा ग्रॅमोस्टोला चार-चार महिने खात नाही, आणि त्याचं काही बिघडत नाही.

चिमट्यानं उरलंसुरलं काढणं, वाटी धुणं, पाणी भरणं, एवढंच काम. माती वर्षभर बदलायची गरज पडत नाही. मुंग्या लागत असतील तर जुन्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे तसं करा : परातीत पाणी, मध्ये पालथी वाटी, तिच्यावर डबा.

वहीत तारखा लिहा : खाल्लं, नाकारलं, कात टाकली. दोन वर्षांनी ही वही कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते.

टप्पा ९ : कात

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त कोळी जातात, म्हणून सावकाश वाचा.

आधीची खूण म्हणजे खाणं बंद. मग पोट काळपट, तुकतुकीत होतं. पोटावर केस उडवून टक्कल पडलेलं असेल तर ते गुलाबीसर कातडं गडद होत जातं. काही कोळी बिळाचं तोंड मातीनं लिंपतात आणि महिनाभर दिसत नाहीत. उकरून बघायचं नाही. लहानपणी पेरलेली कोय रोज उकरून बघायचो आणि कधीच रुजायची नाही, तसं होतं.

ही खूण दिसली की डब्यातला प्रत्येक जिवंत किडा बाहेर काढा. कात टाकतानाचा कोळी मऊ असतो, आणि रातकिडा किंवा मीलवर्म त्याला जिवंत कुरतडतो. पाण्याची वाटी भरलेली हवी, कारण जुन्या कातीतून सुटण्यासाठी अंगात पाण्याचा दाब लागतो. एक कोपरा थोडा ओला करा, पण पिचकारीनं फवारू नका.

मग एके दिवशी तो जाळ्याच्या चटईवर पाठीवर पडतो, पाय वर. पिल्लाला अर्धा तास लागतो, मोठ्याला अर्धा दिवससुद्धा. डबा हलवायचा नाही, दिवा लावून चित्रण नाही, शेजारच्या पोरांना बोलावणं नाही. शेजारी मिक्सर लागणार असेल तर आईला तासभर थांबायला सांगा.

> मेला की कात टाकतोय, हे असं ओळखा : पाठीवर, पाय पसरलेले = कात. पोटावर उभा, पाय आत मुडपून मुठीसारखे गोळा = संकट.

कात टाकून झाल्यावर तो फिकट, लांबलचक आणि दमलेला दिसतो. सुळ्यांसारखे दिसणारे विषदंत पांढरे असतात, मग लालसर, मग काळे होतात. पूर्ण काळे होईपर्यंत खायला नाही. पिल्लाला चार-पाच दिवस, मोठ्याला दोन आठवडे किंवा जास्त. टाकलेली कात ओली असतानाच हलक्या हातानं काढून पसरून वाळवा. पोटाच्या आतल्या भागावरून जाणकार नर-मादी सांगू शकतात.

एखादा पाय तुटला तरी घाबरू नका, पुढच्या एक-दोन कातींत तो परत येतो.

टप्पा १० : ग्वाल्हेरचे तीन ऋतू

उन्हाळा. लूच्या दिवसांत बाहेर ४५, गच्चीखाली आत ३८. डब्यातला आकडा दिवसभर ३५च्या वर राहता कामा नये. डबा जमिनीवर, भिंतीलगत आणा. वाळ्याचे पडदे, कूलर चालतील, पण वारा थेट डब्यावर नको. वीज गेली तर आंब्यांचा किंवा औषधांचा थर्माकोलचा खोका उपयोगी पडतो : आत डबा, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली, झाकण किंचित उघडं. बर्फ थेट नको. पाण्याची वाटी रोज बघा, इथल्या कोरड्या हवेत ती दोन दिवसांत आटते.

पावसाळा. आता उलट. वाटी सोडून कुठेही पाणी घालू नका. उरलेलं भक्ष्य त्याच रात्री काढा, नाहीतर बारीक माश्या आणि पांढरे किडे होतात. भोकांवर बाहेरून मलमल चिकटवा. थोडी पांढरी बुरशी आली तर चमचाभर माती काढून टाका आणि आणखी दोन भोकं पाडा, एवढंच.

हिवाळा. जानेवारीत पारा ४-५ अंशांवर येतो, पण घरात बहुधा १५-१८ असतं. कोळी सुस्त होतो, खात नाही. तेही चालतं, मग जबरदस्तीनं खायला घालू नका. डबा फडताळाच्या वरच्या खणात न्या, गरम हवा वर असते. रात्री फार थंडी असेल तर थर्माकोलच्या त्याच खोक्यात आता गरम पाण्याची बाटली, डब्यापासून चार बोटं लांब.

डब्याखाली हीटिंग मॅट नको. रानात ऊन वरून येतं, आणि गरम झालं की कोळी खाली खणतो. खालीच चटका असेल तर तो गारवा शोधत त्या चटक्यातच जाऊन बसतो. खोलीत कोळशाची शेगडीही नको, कोळ्यासाठी नको आणि तुमच्यासाठीही नको.

अडलं तर

पाय मुडपून गोळा झाला : बहुतेकदा पाणी कमी. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबानं सरळ होतात, पाणी संपलं की मुठी वळतात. उथळ बशीत पाणी घ्या, तोंड पाण्याला लागेल असा कोळी पुढून टेकवा, आणि पोट बाहेर ठेवा, कारण श्वास घेण्याच्या पानांसारख्या फटी पोटाखाली असतात. काही तासांत सावरला तर सावरला.

पोटाला चीर, पांढुरका निळसर द्रव गळतोय : कॉर्नफ्लोअरची चिमूट त्यावर दाबा, डबा अंधारात ठेवा, दोन दिवस उघडू नका.

केस झोंबले : चोळू नका. सेलोटेप चिकटवून उपटा, मग धुवा. डोळ्यात गेले असतील तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि "कोळ्याचे केस" हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर ते साधी ॲलर्जी समजून थेंब देतील.

गावाला जाताना

मोठा कोळी दोन-तीन आठवडे पाणी भरून एकटा राहतो, पिल्लू आठवडाभर. निघण्याआधी तीन दिवस खायला देऊ नका, उरलेलं सडतं. शेजारच्या काकूंना किल्ली देणार असाल तर डब्यावर चिठ्ठी चिकटवा. माझ्या डब्यावरची अशी आहे :

"काकू, झाकण उघडू नका. बाजूच्या भोकातून सुई नसलेल्या इंजेक्शननं वाटीत पाणी घाला. पाठीवर पडलेला दिसला तर मला फोन करू नका, त्याला हातही लावू नका. डासांचं मशीन या खोलीत लावू नका. पेढे फ्रिजमध्ये आहेत."